सावलीचे प्रकार आणि क्रोटनची जोपासना

नाशिक शहरातील जुन्या वाड्यांच्या चौकांत आणि नव्या घरांच्या आवारांत क्रोटन हे रंगीबेरंगी पानांचे झुडूप जागोजागी दृष्टीस पडते. 'सावलीतले झाड' म्हणून ते आणले जाते, आणि पुष्कळदा वर्षा-दोन वर्षांत त्याची पाने एकतर नुसती हिरवी होतात, नाहीतर करपतात. प्रस्तुत लेखकाच्या अंगणातील एका झाडाच्या वाट्यास या दोन्ही अवस्था आल्या. आंब्याखाली त्याचा रंग गेला. उघड्यावर हलविल्यावर मे महिन्यात पाने भाजली. दोष झाडाचा नव्हता. 'सावली' या शब्दाला एकच अर्थ आहे, या समजुतीचा होता. ही समजूत तपासून पाहणे, हा या लेखाचा हेतू होय.

प्रथम नावाचा विचार करू. १७५३ मध्ये लिनिअसने हे झुडूप 'क्रोटन' या प्रजातीत घातले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ गोचीड. बियांच्या आकारावरून तो वनस्पतीस लागला. खऱ्या क्रोटन प्रजातीत आपला जमालगोटा येतो. पुढे या झुडपाची गणना 'कोडिअम' या निराळ्या प्रजातीत झाली. हे नाव मोलुक्का बेटांतील स्थानिक नावावरून घेतलेले आहे. तथापि बागवानांच्या तोंडी पहिलेच नाव रूढ राहिले. दोन्ही वनस्पती एरंडकुलातील असून क्रोटनचा चीक लागल्यास काहींच्या त्वचेचा दाह होतो, हे छाटणीच्या वेळी ध्यानात ठेवावे. 'सदाहरित' हे विशेषणही येथे फसवे आहे. झाड बारा महिने पर्णयुक्त असते, पण ते हिरवे राहावे अशी लावणाऱ्याची इच्छा नसते. म्हणून त्यास 'सदापर्णी' म्हणणे अधिक युक्त होय.

पानांच्या रंगाचे कारण असे. पानातील हरितद्रव्य प्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करते. क्रोटनच्या पानात त्याच्या जोडीला पिवळी-नारिंगी आणि तांबडी-जांभळी रंगद्रव्ये असतात. पुष्कळ जातींत कोवळे पान हिरवे-पिवळे असते आणि जून होताना तांबूस होते. या पालटास भरपूर उजेड लागतो. उजेड अपुरा पडला की हिरवा रंग वरचढ होतो आणि नवी पाने फिकट नक्षीची येतात. उलट, भर दुपारचे कडक ऊन व कोरडी हवा यांनी पानांच्या कडा जळतात. सारांश, या झाडास उजेड हवा, पण दाहक ऊन नको.

या मधल्या स्थितीसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. दाट झाडाखालची गच्च सावली निराळी आणि भिंतीचा आडोसा निराळा. पानांच्या फटींतून जमिनीवर पडणारा उन्हाचा ठिपका म्हणजे कवडसा. फटीतून तिरपी येणारी उन्हाची रेघ म्हणजे तिरीप. आंब्याखाली गच्च सावली असते. शेवग्यासारख्या विरळ पानांच्या झाडाखाली कवडसे हलत असतात. क्रोटनला मानवते ती कवडशांची सावली, अथवा सकाळचे ऊन व दुपारचा आडोसा.

नाशिकच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागते. हे शहर सुमारे २० अक्षांश उत्तरेस आहे. डिसेंबरच्या अखेरीस दुपारी सूर्य दक्षिणेकडे इतका कललेला असतो की भिंतीच्या उत्तरेस जवळजवळ तिच्या उंचीइतकी लांब सावली पडते. मेच्या उत्तरार्धात तो माथ्यावर येतो आणि तीच जागा दुपारी उघडी पडते. म्हणजे उत्तरेकडील भिंतीलगतच्या झाडास थंडीत ऊन मिळत नाही आणि उन्हाळ्यात ते टळत नाही. यास्तव घराची पूर्व बाजू सर्वांत सोयीची. नाशिकचा हिवाळाही या उष्ण व दमट प्रदेशातील झाडास जड जातो. डिसेंबर-जानेवारीत पाने गळू लागल्यास कुंडी भिंतीच्या आडोशास न्यावी आणि पाणी कमी करावे.

मातीविषयी विशेष सावध राहिले पाहिजे. येथील काळी माती चिकण असून तीत बहुधा चुन्याचा अंश असतो. चुनखडीच्या मातीत लोह असूनही मुळांस ते सहजी घेता येत नाही. नवी पाने पिवळी पडतात. रंगीत पानांच्या झाडात हा रोग शोभा म्हणून खपून जातो. त्याची खूण अशी: रोगट पानात शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो, क्रोटनच्या पुष्कळ जातींत उलट शिराच पिवळ्या असतात. म्हणून नुसती काळी माती न वापरता पोयट्याची माती, कुजलेले शेणखत आणि वाळू समभाग घ्यावी व पाण्याचा निचरा राखावा. उन्हाळ्यात पानांच्या खालच्या बाजूस लाल कोळी होतो. पाने दोन्ही बाजूंनी पाण्याने धुतल्यास तो आटोक्यात राहतो.

बियांपासून झालेले रोप मूळ झाडासारखे निघेलच असे नाही. म्हणून गुटी कलम करावे. पावसाळ्याच्या आरंभी पेन्सिलीएवढ्या फांदीवरील दोन-तीन सेंटिमीटर रुंदीची साल गोलाकार काढावी, त्यावर ओले शेवाळ बांधून प्लॅस्टिकने गुंडाळावे आणि मुळे दिसू लागल्यावर खालून कापून कुंडीत लावावे. नव्या कलमास आरंभी काही आठवडे अधिक सावली द्यावी.

तात्पर्य, 'याला सावली हवी' एवढे सांगून भागत नाही. कोणत्या ऋतूत, कोणत्या प्रहरी आणि कशाची सावली, हे तीन प्रश्न जागा निवडण्यापूर्वी विचारावेत. लेखकाचे झाड आता घराच्या पूर्वेस, शेवग्याखाली आहे. त्याची नवी पाने पुन्हा पिवळ्या शिरांची येत असून जुनी तांबूस होऊ लागली आहेत.