‘माझ्या फोनमध्ये चोरण्यासारखं आहे काय?’

सत्तरीतल्या माणसांचं हे पालुपद वरवर बिनतोड वाटतं. फोनमध्ये असतं काय, तर नातवंडांचे फोटो, सुप्रभातचे संदेश, विष्णुसहस्रनाम. पण बँकेचा ओटीपीही त्याच फोनवर येतो. चोराला फोटोंशी देणंघेणं नसतं, त्याला सिमकार्ड हवं असतं. सिमला वेगळा पिन लावता येतो, हे घरातल्या तरुणांनाही अनेकदा ठाऊक नसतं.

लॉक न लावणं हा दर वेळी निष्काळजीपणा नसतो. वय वाढतं तशी कातडी कोरडी पडते, बोटांवरच्या रेषा झिजतात आणि फोन ठसा नाकारत राहतो. वैतागून मग लॉकच काढून टाकलं जातं. (मुलं रागावतात, दुसरा उपाय शोधून देणारं मूल विरळा.) अशांना सहा आकडी पिन बरा. त्याच्या दहा लाख जुळण्या होतात. १२३४५६ किंवा स्वतःची जन्मतारीख मात्र नको.

‘चक्कर येऊन पडलो तर फोन कोण उघडणार?’ ही भीती जास्त खरी, आणि तिच्यावर उपायही आहे. अँड्रॉइड आणि आयफोन या दोन्हींत रक्तगट, औषधं, नातेवाइकांचे नंबर लॉक न उघडता दिसतील अशी सोय असते. सेटिंगमध्ये जाऊन माहिती एकदा भरावी लागते.

यूपीआयवर पैसे घेताना पिन लागत नाही. कुणी मागितलाच, तर फोन ठेवून द्यावा. पैसे गेलेच, तर लगेच १९३० ही हेल्पलाइन आणि बँक. फोन हरवल्यास ‘संचार साथी’ पोर्टलवरून तो बंद करता येतो. त्यासाठी पोलिस तक्रारीची प्रत लागते.