चलनावर 'बोल्ट', टेम्पोत काय?

चाकण-भोसरीतल्या लघुउद्योजकाचं बरंचसं कागदी काम आता मोठ्या कंपन्यांच्या पुरवठादार पोर्टलवर चालतं. इन्व्हॉइस, ड्रॉइंग, तपासणी अहवाल, सगळं अपलोड करायचं. पोर्टल फक्त पीडीएफ घेतं, म्हणजे ते सुरक्षित, असा सर्वसाधारण समज आहे.

तो अपुरा आहे. एक्स्टेन्शन (फाइलच्या नावाचं प्रकार सांगणारं शेपूट) लिहितो पाठवणाराच. गेटवरच्या सिक्युरिटीने चलन वाचून टेम्पो आत सोडावा आणि ताडपत्री उचलूच नये, तसं हे. नावात कुठेतरी 'पीडीएफ' दिसलं की समाधान मानणाऱ्या तपासणीला 'इन्व्हॉइस.पीडीएफ.जेएसपी' ही फाइलही चालते, आणि जेएसपी तर सर्व्हरवर चालणारी आज्ञावली!

धोका फाइल येण्यापेक्षा सर्व्हरने ती चालवण्यात अधिक आहे. वेबशेल (दूरवरून सर्व्हरला हुकूम सोडू देणारी छोटी आज्ञावली) एकदा सुरू झाली की दरपत्रकांपासून डिझाइनपर्यंत काहीही बाहेर जाऊ शकतं.

वाहन उद्योगात सर्रास दिसणाऱ्या, सॅप या सॉफ्टवेअर कंपनीच्या नेटवीव्हर प्रणालीत एप्रिल २०२५ मध्ये याहून ढोबळ चूक उघडकीला आली. 'व्हिज्युअल कंपोझर' हा भाग लॉगिन न विचारताच फाइल स्वीकारत होता. हल्लेखोरांनी त्यातून जेएसपी वेबशेल चढवल्या. गांभीर्य १० पैकी १०. सॅपने २४ एप्रिलला तातडीची दुरुस्ती दिली.

म्हणून अपलोडला आधी लॉगिन हवं. मग आतला मजकूर तपासावा, फाइलला सर्व्हरनेच नवं नाव द्यावं, ती वेबसाइटच्या फोल्डरबाहेर ठेवावी आणि तिथे काहीही चालवायची परवानगी नसावी. अँटिव्हायरस हवाच, पण नव्याने लिहिलेली वेबशेल त्याला ओळखता येईलच असं नाही.