पाठ नसलेली आराधीण

सोलापूरहून तुळजापूरला निघालं की साधारण अर्ध्या वाटेवर तामलवाडी लागते. कोजागरीच्या सुमारास या रस्त्यानं रात्रंदिवस माणसं आईच्या दर्शनाला चालत जात असतात. कपाळी मळवट, गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी. कडेला उभं राहून यातल्या एकाच आराधिणीवर, म्हणजे देवीच्या भक्तिणीवर, नजर ठेवा. लांबून येताना ती समोरून दिसते. जवळ आली की पाऊण चेहरा दिसतो, अगदी पुढ्यातून जाताना एक गाल, एक कान, एक डोळा. आणि पुढे गेली की अंबाडा, पाठ आणि भेगाळलेल्या टाचा. मिनिटाभरात तिची चार-पाच रूपं डोळ्यांखालून गेली, पण ही बाई एकच का, असा प्रश्न कुणाला पडत नाही. पडणार तरी कसा? ती एकच आहे.

आता तीच बाई कागदावर काढा. समोरून काढलेल्या बाईला पाठ नसते. कागद उलटला तर मागे कोरा कागद. तिची पाठ हवी असेल तर ती वेगळी काढावी लागते, आणि या दुसऱ्या चित्रातली बाई पहिलीच आहे याला पुरावा काय? काहीच नाही. तरीही पडद्यावर ती आराधीण वळते, पाठमोरी होते, चालू लागते, आणि बघणारं चार वर्षांचं पोरसुद्धा ‘ती बघ, चालली’ म्हणतं. द्विमितीय अ‍ॅनिमेशनमधली सगळ्यात मोठी करामत मला ही वाटते. चित्र हलतं याचं नवल आहेच. पण पाच परकी चित्रं मिळून एक माणूस होतो, याचं नवल जास्त.

स्टुडिओत याची सुरुवात ‘टर्नअराउंड’पासून होते. एका आडव्या कागदावर तेच पात्र पाच वेळा काढायचं: समोरून, पाऊण, बाजूनं, मागून पाऊण आणि थेट पाठमोरं. भुवई, हनुवटी, कोपर, कंबर, गुडघा अशा उंचीच्या आडव्या रेघा पाचही चित्रांमधून आरपार जातात. हनुवटी रेघेपासून जराशी जरी सरकली तरी वळता वळता बाई उंच होते. पाच दिशा पुरतात, कारण उरलेल्या तीन आरशातल्यासारख्या डावं-उजवं फिरवून मिळतात. पाच चित्रांत आठ दिशा, हिशेब चोख.

हा हिशेब आपल्या बाईपाशी येऊन मोडतो. नथ डाव्या नाकपुडीत असते. चित्र फिरवलं की ती उजवीकडे जाते. डाव्या खांद्यावरचा पदर उजव्या खांद्यावर येतो. तिच्यामागून संबळ वाजवत गोंधळी येत असेल तर आणखी पंचाईत, कारण संबळाची दोन्ही भांडी सारखी नसतात. चित्र फिरवलं की लहान-मोठ्याची अदलाबदल होते. परदेशी पाठ्यपुस्तकातला गोल डोक्याचा, टोपी घातलेला मुलगा खुशाल फिरवता येतो. मराठी बाई फिरवायची तर प्रत्येक दिशेला हात घालावा लागतो.

आणि कवड्या! पडद्यावर सेकंदाला 24 चौकटी जातात. बहुतेक वेळा एकच चित्र दोन चौकटी दाखवतात, म्हणजे सेकंदाला 12 चित्रं. माळेत 40 कवड्या धरल्या तर चालण्याच्या एका सेकंदाला 480 कवड्या झाल्या, आणि प्रत्येक कवडीला एक फुगीर बाजू, एक चिरेची. डिस्नेच्या लोकांना 1961 साली अशाच ठिपक्यांनी छळलं होतं. ‘वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स’मध्ये एवढ्या ठिपकेदार कुत्र्यांच्या रेघा हातानं पारदर्शक पत्र्यांवर, म्हणजे सेलवर, पुन्हा गिरवणं परवडणारं नव्हतं, म्हणून चित्रं झेरॉक्सच्या तंत्रानं थेट सेलवर उतरवली. आपला चित्रकार याहून सोपी वाट काढतो: लांबच्या दृश्यात माळ म्हणजे नुसती पांढरी नागमोडी रेघ, कवडीला कवडीचं रूप फक्त जवळच्या दृश्यात.

आता मान वळवून पाहू. समोरचा चेहरा पाऊण करायचा आहे. नाक-डोळे नुसते बाजूला सरकवले तर ते ताटलीत घरंगळल्यासारखे दिसतात. म्हणून जाणकार माणूस हनुवटी किंचित खाली आणतो, मान सरळ रेषेत न नेता खालून कमानीत फिरवतो, आणि मधल्या चित्रात पापण्या मिटवतो. आधी बुबुळं वळतात, मग डोकं, मग खांदे. ते मिटल्या पापणीचं चित्र पडद्यावर सेकंदाचा बारावा भाग टिकतं. ते पाहिल्याचं कुणी सांगू शकणार नाही, पण काढून टाका, लगेच झटका जाणवेल. शाळेत आपल्याला दृष्टिसातत्य शिकवतात, म्हणजे आधीचं चित्र डोळ्यात रेंगाळतं वगैरे. तेवढ्यानं हे सुटत नाही. दोन स्थिर गोष्टींमधली हालचाल मेंदू स्वतः रचतो, हे मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्थायमर यांनी 1912 सालीच प्रयोगांतून मांडलं होतं. अ‍ॅनिमेटर त्या रचणाऱ्या मेंदूला पुरेसं सामान पुरवतो, एवढंच.

काही वेळा तर सामान सरळसरळ खोटं असतं. मिकी माउसचे कान आठवा. तो समोर बघो की बाजूला, कान कायम दोन पुरे गोल. खऱ्या उंदराचा कान बाजूनं चपटा दिसेल. मिकीचा दिसत नाही. मान वळताना ते गोल डोक्यावरून नुसते सरकतात, आणि इतक्या वर्षांत आपली त्याला हरकत नाही.

हरकत नसण्याची ही सवय आपल्याकडे जुनी आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजातले चित्रकथी पिढ्यान्‌पिढ्या चित्रांची पोथी मांडून रामायण-महाभारतातल्या कथा सांगत आले. परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली ती याच परंपरेसाठी. या चित्रांत चेहरा बाजूनं असतो, पण डोळा मात्र समोरून पाहिल्यासारखा अख्खा, टपोरा. पश्चिम भारतातल्या जुन्या जैन पोथ्या याच्याही पुढे जातात. तिथे पलीकडचा डोळा चेहऱ्याची रेघ ओलांडून हवेत बाहेर आलेला असतो. आणि हल्लीची पोरं जिच्यापायी जेवण विसरतात ती पेपा पिग? बाजूचा चेहरा आणि दोन्ही डोळे एकाच गालावर. इंग्लंडातल्या त्या डुकरिणीचं आणि जैन पोथीचं काही नातं नाही, पण अडचण एकच होती आणि सुचलेला उपायही जवळपास एकच.

पिंगुळीतच चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळही आहे. चपट्या बाहुलीला तोंड फिरवायचं झालं तर ती काठीवर गर्रकन उलटी करतात. उलटताना क्षणभर तिची सावली नुसती उभी रेघ होते. त्या क्षणी पडद्यावर कुणीच नसतं, तरी प्रेक्षक म्हणतो, रावण वळला.

दिशांचं झालं, दृश्यांचं, म्हणजे शॉट्सचं, दुखणं निराळं. खऱ्या कॅमेऱ्यानं जवळ गेलं की तपशील आपोआप मिळतो. चित्र मोठं केलं तर फक्त रेघ जाड होते आणि डोळ्याच्या जागी काढलेला ठिपका मोठा ठिपका होतो. म्हणून जवळच्या दृश्यासाठी चेहरा नव्यानं काढायचा: सुरकुत्या, मळवटाची कड, पापण्या. लोटे रायनिगर यांनी ‘प्रिन्स अख्मेद’ हा सावल्यांचा चित्रपट 1926 साली केला तेव्हा जवळच्या दृश्यांसाठी त्यांनाही मोठ्या आकाराचं डोकं आणि खांदे वेगळे कापावे लागत. म्हणजे पाच दिशा गुणिले लांब, मध्यम, जवळ. एकाच आराधिणीच्या आता पंधरा बाया झाल्या, आणि सगळ्यांनी एकीनं वागायचं आहे.

या पंधराजणींना एकत्र बांधणाऱ्या दोन युक्त्या आहेत. पहिली रेघेची. आपली बाई पडद्यावर डावीकडून उजवीकडे, तुळजापूरच्या दिशेनं चालते आहे. पुढच्या दृश्यात कॅमेरा रस्त्याच्या पलीकडे नेला तर ती उजवीकडून डावीकडे चालताना दिसेल, आणि प्रेक्षकाला वाटेल, दर्शन न घेताच परत निघाली की काय! म्हणून चालण्याची रेघ ओलांडायची नाही. ओलांडायचीच असेल तर मध्ये एक दृश्य नेमकं त्या रेघेवरून घ्यायचं, थेट समोरून किंवा थेट पाठीमागून. तिथे डावं-उजवं उरत नाही, आणि पुढे कुठल्याही बाजूला जाता येतं.

दुसरी युक्ती हालचालीच्या मध्ये कापण्याची. समोरच्या चित्रात ती परडी उचलते. परडी छातीपर्यंत आली की दृश्य तोडायचं. पुढचं दृश्य पाठमोरं, त्यात परडी छातीपासून डोक्याकडे जाते. नजर परडीच्या मागे धावत असते, त्यामुळे बाई अख्खी बदलली हे लक्षातच येत नाही. हाच सांधा बाई नुसती उभी असताना घाला, लगेच डोळ्यावर येईल. थापच मारायची तर माणूस कामात असताना मारावी, हे अ‍ॅनिमेटर पुरतं जाणतो.

हे शहाणपण आपल्याकडे रीतसर आलं मुंबईत. फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात 1956 साली डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स शिकवायला आले. भारतातच वाढलेला हा माणूस ‘बांबी’वर काम करून आला होता. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांत राम मोहन होते. विभागाचा ‘द बॅनियन डिअर’ 1957चा. राम मोहन पुढे जपानी दिग्दर्शक युगो साको यांच्याबरोबर ‘रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स राम’चे सहदिग्दर्शक झाले. आणि आपल्या विजया मुळे यांचा, भीमसेन यांच्या अ‍ॅनिमेशनचा 1974चा ‘एक अनेक और एकता’ दूरदर्शनवर ज्यांनी पाहिला त्यांना वेगळं काही सांगायला नको.

आज हे सगळं संगणकावर होतं. ओपनटून्झ हे सॉफ्टवेअर 2016पासून फुकट आहे. तामलवाडीतल्या पोरालाही ते उतरवून घेता येतं. हात-पाय-मान वेगवेगळ्या थरांवर ठेवायचे, सांध्यांवर फिरवायचे. डोकं वळायच्या चौकटीला समोरचं चित्र काढून पाऊण चित्र बसवायचं. पण ते पाऊण चित्र कुणीतरी काढलेलं असावं लागतं. मागून पाऊण हे तर सगळ्यात नकोसं काम: नाक दिसत नाही, गालाचा जेमतेम फुगवटा दिसतो, आणि ओळख पटवायला हाती उरतात कान, अंबाडा आणि खांद्यांची ठेवण. म्हणून कमी पैशांच्या कार्टून मालिकांत पात्रं आपल्याकडेच तोंड करून उभी राहतात, पाठीमागच्या माणसाशी बोलतानासुद्धा. संध्याकाळी पोरांबरोबर टीव्हीसमोर बसाल तेव्हा पाठ किती वेळा दिसते ते मोजा. निर्मात्यानं हात कुठे आखडला ते तिथेच कळेल.