परसात पहिली भाजी कोणती लावाल?

शेतकऱ्याच्या घरी कणगीत धान्य असते, गोठ्यात दुभते असते. भाजी मात्र आठवड्याच्या बाजारातून येते. बाजार मंगळवारचा असला की शनिवारपासून पिठले नाहीतर आमटी. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

हा प्रश्न नुसत्या पैशाचा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. त्याची कारणे अनेक आहेत. जेवणात हिरवी भाजी नसणे हे त्यांतले एक. शिवाय भाजी थोडी असली की ती आधी कोणाच्या पानात पडते आणि कोणाला उरत नाही, हे भगिनींना सांगायला नको.

“एकदा लावून पाहिले, पण जमले नाही,” असे पुष्कळजणी म्हणतात. बहुधा सुरुवातच फ्लॉवर, कोबी, टोमॅटो यांपासून केलेली असते. या भाज्यांना रोप, खत, औषध सगळे वेळेवर लागते. पहिल्या वर्षी लवकर येणाऱ्या आणि सहसा न फसणाऱ्या भाज्याच घ्याव्यात.

एकच वाफा

दिवसातून पाच-सहा तास ऊन येईल अशा जागी १० फूट लांब आणि ३ फूट रुंद असा एकच वाफा करावा. इतक्या रुंदीत दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो, आत पाय द्यावा लागत नाही. दोन पाट्या चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. ताजे शेण घालू नये; त्याने हुमणी व वाळवी वाढते. पावसाळ्यात वाफा वीतभर उंच ठेवावा. कोंबड्या-शेळ्यांसाठी काट्यांचे कुंपण आधी घालावे, बी नंतर टाकावे.

पालेभाज्या

थंडीत मेथी, पालक, कोथिंबीर आणि मुळा, उन्हाळ्या-पावसाळ्यात माठ. मेथी व माठ महिन्याभरात काढणीला येतात. पालक मुळासकट न उपटता वरून कापावा, म्हणजे पुन्हा फुटतो. मुळ्याचा पालाही भाजीला होतो.

मेथीदाणा आणि धने घरच्या डब्यातले चालतात, मात्र ते जुने किंवा भाजलेले नसावेत. वीस दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवावेत. मेथीचे चार दिवसांत पंधरा-सोळा उगवले तर बी चांगले समजावे. धने चपलेने हलके रगडून दोन फाकी करून पेरावेत. ते उगवायला आठ-दहा दिवस घेतात, तेवढा धीर धरावा. माठाचे बी फार बारीक, म्हणून ते वाळूत मिसळून टाकावे.

मुख्य गोष्ट अशी, की सगळा वाफा एका दिवशी पेरू नये. त्याचे चार भाग करून दर आठ दिवसांनी एक भाग पेरावा. सगळी भाजी एकदम आली तर निम्मी गुरांपुढे जाते. चार हप्त्यांत आली तर महिनाभर पुरते.

भेंडी, गवार आणि वेल

पावसाळ्याच्या तोंडाशी भेंडी व गवार टोकावी. भेंडीचे बी रात्रभर भिजत घालावे, दोन रोपांत एक फूट अंतर ठेवावे. पेरल्यापासून साधारण दीड महिन्याने पहिली तोडणी येते. त्यानंतर एक दिवसाआड तोडावी. निबर भेंडी झाडावर राहिली तर नवी भेंडी धरत नाही.

कुंपणाला दोडका किंवा दुधी सोडावा. दुधीची पहिली फुले गळतात तेव्हा घाबरू नये. ती नरफुले असतात. मागे बारीक दुधी असलेली मादीफुले नंतर येतात.

पाणी आणि कीड

तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी वाफ्याला द्यावे. साबणाचे, सोड्याचे पाणी पालेभाजीला घालू नये. मोरीचे पाणी केळीच्या आळ्याकडे वळवावे.

मावा पडला तर ५० ग्रॅम निंबोळीची पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, गाळून चिमूटभर साबणचुरा घालावा आणि संध्याकाळी फवारावे. कपाशीसाठी आणलेले औषध परसात कधीही मारू नये. आज फवारलेली भाजी उद्या मुलांच्या पोटात जाते, हे घरातल्या पुरुष मंडळींनीही ध्यानात ठेवावे. रंगीत औषध चोळलेले उरलेले बियाणे खाण्यात किंवा कोंबड्यांपुढे जाऊ देऊ नये.

ताटात वाढताना

पालेभाजीवर लिंबू पिळावे; त्याने भाजीतले लोह अंगी लागायला मदत होते. जेवणावर लगेच चहा घेऊ नये, तो लोहाला आड येतो.

एक वाफा जमला की पुढच्या हंगामात दुसरा करावा. आणि भगिनींनो, पहिली मेथी शिजेल त्या दिवशी सर्वांना वाढण्याआधी एक वाटी स्वतःसाठी काढून ठेवा.