ओव्हनचा दिवा विझला, म्हणजे ओव्हन बिघडला असे नव्हे

घरी केक, नानकटाई, बिस्किटे भाजून विकणाऱ्या गृहिणी आता बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरात अनेक आहेत. सणासुदीची मागणी अंगावर असताना ओव्हनच्या आतला दिवा अचानक लागेनासा होतो आणि पहिली शंका येते ती यंत्रच गेल्याची. प्रत्यक्षात पुष्कळदा केवळ दिव्याची तार तुटलेली असते. मात्र हाच छोटा दिवा कधीकधी घरातील वायरिंगविषयी, तर कधी यंत्राच्या दाराविषयी गंभीर सूचनाही देत असतो. म्हणून तो बदलण्यापूर्वी तो काय सांगतो आहे, हे समजून घेणे इष्ट.

आरंभी एक भेद ध्यानात घ्यावा. तापलेल्या कांबींवर चालणारा ओटीजी आणि सूक्ष्मलहरींवर चालणारा मायक्रोवेव्ह ही बाहेरून भावंडे दिसली, तरी आतून सर्वस्वी निराळी यंत्रे आहेत. पहिल्याचा दिवा घरी बदलता येतो. दुसऱ्याचा बहुधा नाही.

ओटीजीत दिवा असल्यास तो सामान्यतः 15 किंवा 25 वॅटचा, बारीक आट्यांचा आणि 300 अंश सेल्सिअस उष्णता सोसणारा असतो. प्लग काढून, ओव्हन पूर्ण थंड झाल्यावर काचेचे झाकण कोरड्या फडक्याने धरून डावीकडे फिरवावे, दिवा काढावा आणि त्याच मापाचा, त्याच उष्णतेचा दिवा बसवावा. देवघरातील ‘झिरो’चा बल्ब किंवा एलईडी येथे लावू नये, आट्या जुळल्या तरी एलईडीचे प्लास्टिक आणि आतील सुटे भाग त्या उष्णतेत टिकत नाहीत. (‘झिरो’चा जुना बल्बही शून्य वॅटचा कधीच नव्हता, ही गोष्ट वेगळी.) दिवा छोट्या हॅलोजनचा असेल, तर त्याच्या काचेला उघड्या बोटांनी स्पर्श करू नये. बोटांचा तेलकटपणा राहिल्यास काच त्या जागी अधिक तापून तडकते. झाकण पुन्हा बसविण्यास विसरू नये, कारण तापलेल्या काचेवर तुपाचा वा पाण्याचा थेंब उडणे दिव्याला महागात पडते.

नवा दिवाही महिना-पंधरवड्यात जात असेल, तर दोष दिव्याचा नव्हे. एक तर होल्डर सैल झाला आहे किंवा घरातील दाब वरखाली होतो आहे. आपल्याकडे पावसाळ्यात झाडे तारांवर पडतात, वीज जाते आणि परतताना दाब क्षणभर उसळतो. ओव्हन त्या वेळी प्लगला जोडलेला नसणे उत्तम. घरातील सगळेच दिवे एकाएकी प्रखर झाले, तर न्यूट्रल तुटल्याचा संशय घ्यावा, तत्काळ मेन स्विच बंद करावा आणि 1912 या क्रमांकावर कळवावे.

उलटपक्षी दिवा पिवळसर, मंद दिसू लागला, तर तो दाब घसरल्याचे सांगतो. जुन्या तारेच्या दिव्याला घरातील फुकटचे व्होल्टमीटरच म्हणावे लागेल. 230 ऐवजी 180 व्होल्ट मिळाले, तर दिव्याचा प्रकाश निम्म्याच्याही खाली येतो आणि ओटीजीची कांब सुमारे 61 टक्केच उष्णता देते, कारण उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. केक मध्ये बसला की मैद्याला, अंड्यांना दोष दिला जातो. खरा अपराधी खांबावरून येणारी तार असते. गोव्यातील बिबिक करणाऱ्यांनाही हा अनुभव अपरिचित नसावा, कारण त्यातील प्रत्येक थर वरच्या आचेवर खरपूस व्हावा लागतो.

ओव्हन सुरू करताच स्वयंपाकघरातील दिवाही मंदावत असेल, तर जोडणी तपासून घ्यावी. 2000 वॅटचा ओटीजी सुमारे 8.7 अँपिअर प्रवाह ओढतो. तो 6 अँपिअरच्या साध्या सॉकेटमध्ये कन्व्हर्टर पिन लावून चालविण्याची रीत जुन्या घरांत सर्रास दिसते. ती पिन हाताला गरम लागत असेल, तर चालढकल न करता वायरमनला बोलावून 16 अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट घ्यावा.

मायक्रोवेव्हचा दिवा विझल्यास आधी कपभर पाणी आत ठेवून एक मिनिट यंत्र चालवावे. ताटली फिरते, पाणी तापते, पण दिवा नाही, याचा अर्थ फक्त दिवा गेला. दार नीट बंद होत असेल तर वापर चालू ठेवण्यास हरकत नाही. दिवा लागतो पण पाणी गार राहते, तेव्हा दोष उच्च दाबाच्या भागात असतो. काहीच हलत नसेल, तर सॉकेट आणि एमसीबी पाहावे. ते ठीक असल्यास आतील फ्यूज किंवा दाराचा स्विच गेलेला असू शकतो. दार बंद केल्यावरही, यंत्र चालू नसताना दिवा तेवत राहिला, तर दाराचा स्विच अडकला असे समजावे. आणि दार उघडे असताना यंत्र चालू राहत असेल, तर प्लग काढून ते वापरणे तिथेच थांबवावे.

येथे पेचकस हाती घेण्याचा मोह आवरावा. बहुतेक मायक्रोवेव्हमध्ये दिवा बाहेरच्या पत्र्याच्या आत असतो आणि त्याच कप्प्यात 2000 व्होल्टपेक्षा अधिक दाब सोसणारा कपॅसिटर असतो. प्लग काढल्यानंतरही त्यात प्राणघातक भार शिल्लक राहू शकतो. काही मोजक्या नमुन्यांत दिव्यासाठी बाहेरून वेगळे झाकण दिलेले असते, तेवढाच अपवाद. दाराच्या काचेतील जाळी मात्र कोणीही तपासावी. तिची छिद्रे प्रकाशाला वाट देतात, पण सुमारे 12 सेंटिमीटर लांबीच्या लहरींना अडवतात. जाळी फाटली वा गंजली असेल, तर यंत्र दुरुस्त होईपर्यंत बंद ठेवावे.

राहता राहिला सीमाभागाचा खास प्रश्न. निपाणीकरांना कोल्हापूर बेळगावहून जवळ, त्यामुळे खरेदी पुष्कळदा तिकडची असते आणि दुरुस्तीच्या वेळी ‘जिथे घेतले तिथे जा’ असे ऐकावे लागते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो वा काम करतो, तेथील जिल्हा आयोगाकडेही तक्रार करता येते. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. त्यासाठी बिल आणि वॉरंटी कार्ड जपून ठेवावे.