ढग पाहा, टिपून ठेवा

श्रोतेहो, आकाशाकडे पाहणे शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. त्याला फोटोची जोड द्या म्हणजे छंदातून शास्त्र घडते. खवळलेला समुद्र उलटा टांगावा तसा दिसणारा एक ढग हौशी मंडळींनी टिपला. त्यांच्या फोटोंमुळेच २०१७ साली जागतिक हवामान संघटनेच्या मेघसंग्रहात 'अ‍ॅस्पेरिटास' हे नवे नाव दाखल झाले.

मात्र नुसता फोटो मुका असतो. त्याखाली तारीख, वेळ, गाव नि दिशा लिहा. चौकटीत झाड किंवा डोंगरकडा येऊ द्या, म्हणजे ढगाचा अंदाज येतो. गुरुजी, शाळेत अशी वही जरूर ठेवा.

आणि एक. माथा ऐरणीसारखा पसरलेला ढग विजेचा. गडगडाट कानी आला की फोटो राहू द्या. झाडाखाली न थांबता पक्के घर गाठा.