समरूप शब्द, भिन्न अर्थ : जबलपूरच्या मराठी विद्यार्थ्यांची शब्दसंपत्ती आणि वर्गातील उपक्रम

१. प्रश्नाचे स्वरूप

जबलपुरात वाढलेल्या मराठी मुलाला 'घाट' हा शब्द शिकवावा लागत नाही. ग्वारीघाट, तिलवाराघाट, भेडाघाट ही नावे लहानपणापासून त्याच्या कानांवर पडलेली असतात आणि घाट म्हणजे नर्मदेकाठची पायऱ्यांची जागा, हे त्याला पक्के ठाऊक असते. हाच विद्यार्थी एखाद्या मराठी प्रवासवर्णनात मोटार घाट चढू लागल्याचा उल्लेख वाचतो, तेव्हा तो गोंधळतो. किंवा गोंधळतही नाही, मनाशी काहीतरी चुकीचे चित्र रंगवून पुढे जातो. डोंगरातून जाणारी वळणांची वाट हा अर्थ त्याच्या परिचयाचा नसतो. दागिन्याचा घाट, एखाद्या कार्याचा घाट घालणे आणि मराठी समीक्षेत रूढ झालेला कादंबरीचा घाट या प्रयोगांपर्यंत तो पोहोचेलच, याची तर काहीच शाश्वती नसते. शब्द आपल्याला येतो, या समजुतीमुळेच त्याचा अर्थ शोधण्याची गरज त्याला भासत नाही.

महाराष्ट्राबाहेर, विशेषतः हिंदीभाषक नगरांत वाढणाऱ्या मराठी मुलांच्या शब्दसंपत्तीची चर्चा बहुधा अभावाच्या अंगाने होते. 'मुलांना मराठी शब्द येत नाहीत' ही पालकांची तक्रार खरी असली, तरी ती अपुरी आहे. अपरिचित शब्दाइतकाच परिचित वाटणारा शब्दही येथे अडचणीचा ठरतो. प्रस्तुत लेखात या अडचणीचे स्वरूप तपासून, तिच्यावर उपाय ठरू शकतील अशा काही वर्गोपक्रमांची मांडणी केली आहे. हिंदीला दूर सारून मराठी शब्दसंपत्ती वाढविण्याचा प्रयत्न जबलपूरसारख्या ठिकाणी फलदायी होणे कठीण आहे. दोन भाषांची जाणीवपूर्वक तुलना हाच येथील शब्दशिक्षणाचा पाया असला पाहिजे, असे लेखाचे प्रतिपादन आहे.

२. जबलपूरची भाषिक पार्श्वभूमी

नर्मदेच्या या प्रदेशात मराठी माणसाचे वास्तव्य जुने आहे. १७९८ मध्ये हा भाग नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७ पर्यंत त्यांच्या अमलाखाली राहिला. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाल्यावर जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन विदर्भ मुंबई राज्यात गेला व जबलपूर मध्य प्रदेशात राहिले. त्यानंतर या शहरातील मराठी मुख्यतः घर, नातेसंबंध आणि सांस्कृतिक कार्यक्रम यांच्या आधारे टिकून राहिली. शाळा, कचेरी आणि बाजार यांची भाषा हिंदी होती.

भाषांच्या या शेजाराने जबलपूरला एक तौलनिक परंपराही दिली आहे. येथे दीर्घकाळ अध्यापन केलेल्या कामताप्रसाद गुरू यांचे 'हिंदी व्याकरण' काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने १९२० मध्ये प्रसिद्ध केले. त्याच्या रचनेत मोरो केशव दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरण' (१९११) या ग्रंथाचे साहाय्य घेतल्याचे गुरूंनी स्वतः नमूद केले आहे. १९२० मध्येच जबलपुरातून 'कर्मवीर' हे हिंदी पत्र माखनलाल चतुर्वेदींच्या संपादकत्वाखाली निघाले. त्यामागे माधवराव सप्रे यांची प्रेरणा होती. दमोह जिल्ह्यातील मराठी कुटुंबात जन्मलेल्या सप्र्यांनी लोकमान्य टिळकांचे 'गीतारहस्य' हिंदीत आणले. म्हणजे हिंदीची मराठीशी आणि मराठीची हिंदीशी सांगड घालून विचार करण्याची रीत या शहराला नवी नाही. तिचा लाभ शालेय वर्गाला करून देणे एवढेच आपल्यापुढील काम आहे.

३. मधल्या स्तरातील पोकळी

शब्दशिक्षणाच्या अभ्यासात इझाबेल बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेला तीन स्तरांचा विचार येथे उपयुक्त ठरतो. पहिल्या स्तरात रोजच्या बोलण्यातले शब्द येतात. तिसऱ्यात विशिष्ट विषयाच्या परिभाषा येतात. आणि या दोहोंच्या मधल्या स्तरात कथा, निबंध, वृत्तपत्र, चर्चा अशा अनेक ठिकाणी वावरणारे प्रौढ लेखनातील शब्द असतात. अध्यापनाचा भर या मधल्या स्तरावर असावा, असे या अभ्यासकांचे म्हणणे आहे.

हा विचार जबलपूरच्या मराठी मुलाला लावून पाहिला, तर चित्र स्पष्ट होते. पहिला स्तर त्याला घरात मिळतो. तिसरा स्तर शाळेत हिंदीतून किंवा इंग्रजीतून मिळतो. मधला स्तरही शाळाच देते, परंतु तो हिंदीचा असतो. मराठीतील या स्तराशी त्याची गाठ केवळ वाचनातून पडू शकते आणि वाचनाची सवय नसेल तर ती पडतच नाही. हा स्तर दोन्ही भाषांत मोठ्या प्रमाणावर संस्कृतोद्भव शब्दांनी भरलेला आहे. त्यामुळे मुलगा मराठी मजकूर वाचू लागला की हिंदीतील अर्थ सहजपणे मराठी शब्दाला चिकटवतो.

'मुझे अच्छी शिक्षा मिली' हे हिंदीत कृतज्ञतेचे वाक्य आहे. 'मला चांगली शिक्षा मिळाली' हे मराठीत दंडाचे निवेदन आहे. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा. हिंदीत यातायात म्हणजे वाहतूक, मराठीत दगदग. हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती, मराठीत नवे ज्ञान मिळविण्याचा व्यासंग. उलट हिंदीत त्या व्यासंगाला शोध म्हणतात. सूचना हिंदीत माहिती देते, तर मराठीत काय करावे ते सांगते. हिंदीत आपत्ति उठविली जाते, म्हणजे हरकत घेतली जाते. मराठीत आपत्ती कोसळते. फारसीतून आलेल्या शब्दांचीही हीच कथा आहे. शिकस्त हिंदीत पराभव दर्शविते. मराठीत मात्र प्रयत्नांची शिकस्त करणारा माणूस शेवटपर्यंत झटत असतो.

भाषांतराच्या अभ्यासकांना हे शब्द चांगले परिचित आहेत. मराठी-हिंदी भाषांतरांत जे दोष वारंवार आढळतात, त्यांचे मूळ पुष्कळदा अशाच शब्दांत असते. शालेय वर्गात याकडे लक्ष न दिल्यास त्याचे परिणाम पुढे वाचनावर आणि भाषांतरावर होतात, म्हणून हा प्रश्न केवळ शिक्षणशास्त्राचा राहत नाही.

४. वर्गातील उपक्रम

(अ) एका शब्दाचा नकाशा. शिक्षकाने 'घाट' हा शब्द फळ्याच्या मध्यभागी लिहावा आणि त्याचा अर्थ न सांगता चार-पाच वाक्ये वाचून दाखवावीत. नदीचा घाट, डोंगरातला घाट, भांड्याचा घाट, सहलीचा घातलेला घाट अशा प्रत्येक वाक्यात तो काय सांगतो, याचा अंदाज विद्यार्थ्यांनी संदर्भावरून करावा. त्यानंतर प्रत्येक अर्थाला हिंदीत कोणता शब्द आहे, ते शोधावे. तेथे 'घाटी' हा शब्द हमखास पुढे येईल आणि हिंदीतील घाटी म्हणजे मराठीतील दरी, हे लक्षात येईल. अर्थ आधी सांगून वाक्य मागून देण्याच्या प्रचलित पद्धतीपेक्षा हा क्रम अधिक परिणामकारक असतो, कारण त्यात विद्यार्थ्याला संदर्भ वाचण्याची सवय लागते.

(आ) तीन रकान्यांची वही. शिक्षा, अभ्यास, राग, संसार, प्रकृती असे समरूप शब्द घेऊन प्रत्येकाचा मूळ संस्कृत अर्थ, मराठी अर्थ आणि हिंदी अर्थ तीन रकान्यांत लिहावा. 'अभ्यास' या शब्दात पुनःपुन्हा करणे हा भाव आहे. हिंदीने त्यातून सराव हा अर्थ राखला. मराठीत तो अध्ययनाकडे वळला. 'राग' हा शब्द रंगण्याशी संबंधित आहे. मराठीत संगीतातील राग कायम राहून रोजच्या व्यवहारात तो संतापाचा वाचक झाला. मूळ अर्थाचा रकाना येथे महत्त्वाचा आहे. तो नसेल तर एक भाषा बरोबर आणि दुसरी चूक, असा ग्रह होतो. तो असेल तर दोन भाषांनी एकाच शब्दाला दोन दिशांना नेले, हे दिसते. 'गोष्ट' आणि 'गोष्ठी' यांची तुलना वरच्या इयत्तांत अवश्य करावी. मंडळी जमून बोलणे या एका अर्थापासून मराठीत आजीची गोष्ट आली आणि हिंदीत विद्वानांची संगोष्ठी भरली.

(इ) शब्दकुटुंब. पाण- या अंगाने सुरू होणारे शब्द विद्यार्थ्यांनी जमवावेत : पाणवठा, पाणपोई, पाणलोट, पाणथळ, पाणबुडी, पाणउतारा. यांपैकी कोणत्या शब्दात पाणी खरोखर आहे आणि कोणत्यात ते लाक्षणिक आहे, यावर चर्चा करावी. मग हिंदीतील पनघट, पनचक्की, पनडुब्बी हे शब्द शेजारी ठेवावेत. पाणी आणि पानी यांचे समासात पाण- आणि पन- असे होणे हा नियम मुले स्वतःच शोधून काढू शकतात. अशा रीतीने हाती आलेला नियम पुढे अनेक अपरिचित शब्दांची दारे उघडतो. क्रियापदांसाठी 'वाचणे' हे चांगले उदाहरण आहे. पोथी वाचणे आणि संकटातून वाचणे या दोन क्रिया मराठीत एकाच रूपात आहेत. हिंदीत बाँचना आणि बचना अशी दोन रूपे आहेत.

(ई) घरातील शब्दांची नोंद. विद्यार्थ्याने घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीला एखादे काम करताना पाहावे आणि त्या कामातील शब्द टिपून आणावेत. स्वयंपाकघर घेतल्यास सांडशी, उलथने, पळी, झारा, रोवळी या वस्तूंबरोबरच भाजणे, परतणे, उकडणे, वाफवणे, वैरणे ही क्रियापदे आवर्जून मागावीत. दोन भाषांच्या संपर्कात क्रियापदांची जागा सहजपणे 'करणे' घेते. 'वाट पाहणे' जाऊन 'इंतजार करणे' येते आणि वाक्य मराठी असल्याचा भास कायम राहतो. म्हणून नामांच्या यादीपेक्षा क्रियापदांची नोंद अधिक मोलाची आहे. हा उपक्रम आजी-आजोबांना शिक्षकाच्या स्थानी आणतो, हा त्याचा आणखी एक लाभ होय.

(उ) नात्यांचा तक्ता. पतीच्या भावाला मराठीत दीर म्हणतात. हिंदी त्याच्या वयानुसार जेठ आणि देवर असा भेद करते. त्यांच्या पत्नींना मराठीत जाऊ हा एकच शब्द आहे; हिंदीत जेठानी आणि देवरानी असे दोन आहेत. उलट मराठी 'आपण' आणि 'आम्ही' यांत ऐकणाऱ्याला सामावून घेणे आणि वगळणे असा भेद करते. प्रमाण हिंदीत दोहोंसाठी 'हम' आहे. गमतीची गोष्ट अशी, की मध्य प्रदेशातील बोलचालीच्या हिंदीत 'अपन' हा शब्द ऐकणाऱ्याला सामावून घेणाऱ्या अर्थाने सर्रास चालतो. जबलपूरच्या मुलाला 'आपण' शिकविण्यासाठी त्याच्या तोंडी असलेला 'अपन' हाच उत्तम पूल आहे.

(ऊ) वर्गवार भेंड्या. शेवटच्या अक्षरावरून खेळल्या जाणाऱ्या भेंड्यांत तेच ते सोपे शब्द फिरत राहतात. त्याऐवजी विषय ठरवून, उदाहरणार्थ आवाजाचे शब्द, चालण्याचे प्रकार, पावसाची रूपे, खेळ घ्यावा. अमरकोशाची रचना अशीच वर्गवार आहे आणि त्याच्या तिसऱ्या कांडात अनेकार्थी शब्दांसाठी स्वतंत्र नानार्थवर्ग आहे. त्या कोशाचे पाठांतर आज कोणी सुचविणार नाही. परंतु शब्द अर्थक्षेत्रानुसार स्मरणात राहतात, ही त्यामागील जाण आजही उपयोगी आहे.

(ए) दोन कोशांचे वाचन. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी एकच शब्द दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'त (१९३२–१९३८) आणि 'हिंदी शब्दसागर' या कोशात पाहून दोन्ही नोंदींची तुलना करावी. कोणता अर्थ आधी दिला आहे, कोणता एका भाषेत मुळीच नाही, याची टिपणे काढावीत. येथेच कादंबरी आणि उपन्यास, समीक्षा आणि आलोचना या वाङ्मयीन संज्ञांचाही परिचय करून देता येईल. बाणभट्टाच्या एका कृतीचे नाव मराठीत संपूर्ण वाङ्मयप्रकाराचे नाव कसे झाले, हा प्रश्न त्या वयाच्या विद्यार्थ्याला नक्कीच विचार करायला लावतो.

५. काही दक्षता

हे उपक्रम राबविताना तीन गोष्टी सांभाळणे आवश्यक आहे. पहिली, शब्दांची संख्या मर्यादित ठेवावी. आठवड्याला सहा-सात शब्द घेऊन ते बोलण्यात, वाचनात आणि लेखनात पुनःपुन्हा येतील अशी योजना करावी. एकदा भेटलेला शब्द स्मरणात राहत नाही. दुसरी, मूल्यमापन अर्थ विचारून करू नये, प्रयोग पाहून करावे. ज्याला 'आपत्ती' शब्द घालून हिंदीत एक आणि मराठीत एक अशी दोन अचूक वाक्ये रचता येतात, त्याला तो शब्द आला असे समजावे. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची दक्षता शिक्षकाच्या वृत्तीची आहे. मुलाने वापरलेला चुकीचा शब्द बहुधा दुसऱ्या भाषेत बरोबर असतो. त्याला घरात 'तुझे मराठी बिघडले' असे ऐकावे लागते आणि त्याच्या घरगुती शब्दांना शाळेत हसू होते. दोन्हीकडून अशी टोचणी लागली की मूल कमी बोलू लागते, आणि न बोलणाऱ्याची शब्दसंपत्ती कोणत्याही उपक्रमाने वाढत नाही. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने बहुभाषिकतेला वर्गातील साधनसामग्री मानले आहे. ते प्रत्यक्षात यायचे असेल, तर प्रथम ही टोचणी थांबली पाहिजे.

६. समारोप

जबलपूरच्या मराठी मुलाची शब्दसंपत्ती पुण्याच्या किंवा नागपूरच्या मुलाच्या मापाने मोजणे अन्यायाचे आहे. त्याच्याजवळ एक भाषा अपुरी असली, तरी दोन भाषांमधील अंतर पाहण्याची संधी त्याला सहज मिळालेली आहे. ही संधी शालेय वयात वापरली गेली, तर मराठी-हिंदी वाङ्मयव्यवहाराला सावध वाचक आणि सजग भाषांतरकार मिळू शकतील. या दृष्टीने विद्यापीठीय तौलनिक साहित्याभ्यासाकडून एक छोटीशी अपेक्षा आहे. समरूप परंतु भिन्नार्थी अशा मराठी-हिंदी शब्दांची, उदाहरणवाक्यांसह आणि इयत्तावार, एक विश्वसनीय सूची शिक्षकांच्या हाती द्यावी. वर वर्णन केलेल्या बहुतेक उपक्रमांना फळा, वही आणि घरातील माणसे यांपलीकडे काही लागत नाही. अशी सूची मात्र एकट्या शिक्षकाला तयार करता येणार नाही.